इनामाची वही आणि देणगीची वही

इंग्रजी अमदानीतील जिल्हा गॅझेटियर चाळताना वन्यप्राण्यांच्या प्रकरणात एक मजकूर हटकून भेटतो : कोणते हिंस्र जनावर मारल्याबद्दल सरकार इनाम देत असे आणि त्या जिल्ह्यात एका सालात किती जनावरे मारली गेली. वाघ, बिबळ्या, लांडगा यांच्या पंगतीत पुष्कळदा आपला कोळसूनही बसलेला दिसतो. आयुष्याची पस्तीसएक वर्षे राज्य सरकारच्या नोकरीत वह्या आणि नोंदी तपासण्यात गेल्यामुळे असा तक्ता समोर आला की माझी नजर आपोआप शेवटच्या, बेरजेच्या ओळीवर जाते. अशाच तक्त्यांचा एक मोठा संच आफ्रिका खंडात तयार झाला होता. त्यातील एका प्राण्याची बेरीज इतकी मोठी होती, की पुढे तो प्राणी वाचवण्यासाठी निराळ्याच वह्या उघडाव्या लागल्या. त्या वह्या देणगीदारांच्या होत्या. प्रस्तुत लेख त्या प्राण्याविषयी आणि या दोन प्रकारच्या वह्यांविषयी आहे.

आफ्रिकेचा रानकुत्रा म्हणजे आपला कोळसून नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. दोघेही कळपाने शिकार करतात, म्हणून इंग्रजांनी दोघांनाही एकच नाव दिले. पण वंश वेगळे. आपला कोळसून तांबूस, एकरंगी. आफ्रिकेच्या रानकुत्र्याच्या अंगावर काळा, पिवळा, तपकिरी आणि पांढरा असे रंग कोणी घाईघाईने उडवावेत तसे पसरलेले असतात आणि कोणत्याही दोन कुत्र्यांवरची नक्षी सारखी नसते. कान मोठे, वाटोळे. पुढच्या पायांना पाचाऐवजी चारच बोटे. डच प्राणिशास्त्रज्ञ टेमिंक यांनी १८२० मध्ये मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका नमुन्यावरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला तरसच समजून तरसाच्याच वंशात घातले. १८२७ मध्ये जोशुआ ब्रुक्स यांनी त्याला ‘लायकॉन’ हा स्वतंत्र वंश दिला. (गोमंतकीय वाचकांना जाता जाता सांगतो, की हे मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्याहूनच राज्यकारभार चालणारा मुलूख होता.) ‘लायकॉन पिक्टस’ या नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘रंगवलेला’. हे पद पुढे फार उपयोगी पडले. त्याची हकीकत यथाक्रम येईल.

याच्या कळपाची घडण पाहिली तर माणसाने हेवा करावा अशी आहे. कळपात सहसा एकच जोडपे पिले घालते आणि बाकीचे सारे ती वाढवतात. एका वेळी दहाच्या आसपास पिले होतात. शिकार झाली की आधी पिलांना खाऊ देतात. बिळाशी राखणीला राहिलेल्या कुत्र्यासाठी, आजाऱ्यासाठी आणि जायबंदी झालेल्यासाठी शिकारीवर गेलेले कुत्रे पोटातून मांस आणून ओकून देतात. बोट्स्वानात काम करणाऱ्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक गमतीची गोष्ट प्रसिद्ध केली. विश्रांतीनंतर शिकारीला निघायचे की नाही याचा निर्णय कळप शिंकांवरून घेतो. कळपाच्या प्रमुख जोडीने पुढाकार घेतला असेल तर तीनएक शिंका पुरतात. सामान्य सभासदाने प्रस्ताव मांडला तर सुमारे दहा लागतात. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही पद्धत अगदीच अपरिचित वाटणार नाही.

असे असता या प्राण्याचा इतका द्वेष का झाला? कारण त्याच्या शिकारीच्या रीतीत आहे. सिंह आणि बिबळे नरडे दाबून सावजाचा श्वास कोंडतात. रानकुत्रे सावजाला पळवून दमवतात आणि कळपाने त्याचे पोट फाडतात. सावज बहुधा फार थोड्या वेळात मरते, पण पाहणाऱ्याला तो प्रकार सहन होत नाही. ज्यांनी स्वतः बंदुकीने शेकडो हरणे पाडली त्या गोऱ्या शिकाऱ्यांनीच या कुत्र्यावर क्रौर्याचा आरोप ठेवला. पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश वकील म्हणून राहिलेले मॉम यांनी १९१४ च्या आपल्या पुस्तकात झांबेझी खोऱ्यातील वन्यप्राण्यांचे वर्णन मोठ्या प्रेमाने केले आहे. पण रानकुत्र्यापाशी येताच त्यांचा तोल जातो, आणि याचा समूळ नाश करण्याचा उपाय ज्या दिवशी सापडेल तो वन्यजीवनासाठी सुदिन, असा अभिप्राय ते नोंदवतात. हे गृहस्थ वन्यजीवांचे शत्रू नव्हते, रक्षणाचेच पुरस्कर्ते होते. पण त्या काळी ‘रक्षण’ याचा अर्थ हरणांचे रक्षण असा होता, आणि हरणांवर हक्क माणसाचा.

त्यामुळे सर्वांत पद्धतशीर संहार झाला तो राखीव अरण्यांतच. दक्षिण आफ्रिकेतील ज्या अरण्याला १९२६ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले, तेथे १९०३ ते १९२७ या काळात वनरक्षकांनी अकराशेंहून अधिक रानकुत्रे मारल्याची नोंद आहे. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, १९५६ ते १९७५ या वीस वर्षांत उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्ताखाली तीन हजारांहून अधिक रानकुत्रे मारले गेले. आज साऱ्या झिम्बाब्वेत जे उरले आहेत ते काही शेकड्यांतच मोजावे लागतात. या आकड्यांकडे पाहताना मला त्यामागचा कारकून दिसतो. शेपूट वा कातडे हजर केले, खात्री केली, रक्कम अदा केली, सही घेतली. त्या वहीत कोठेही खाडाखोड नसेल. तो माणूस क्रूर नव्हता. परिपत्रकाप्रमाणे काम करणारा होता. मीही तसाच होतो, म्हणून हे ठामपणे लिहू शकतो.

लोकमत पालटू लागले ते १९७० च्या सुमारास. जेन गुडॉल आणि त्यांचे तेव्हाचे पती, छायाचित्रकार ह्यूगो फान लाविक यांनी त्या वर्षी रानकुत्रे, तरस आणि कोल्हे यांच्यावर ‘इनोसंट किलर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. पुढे १९७३ मध्ये सेरेंगेटीतील एका कळपावर फान लाविक यांनी केलेला चित्रपट इंग्लंड-अमेरिकेतील घराघरांत पाहिला गेला. आईवेगळे मागे पडलेले एक पिलू लोकांनी पाहिले, आणि ज्या प्राण्याचा समूळ नाश व्हावा असे त्यांच्या आजोबांना वाटत होते, त्याच्यासाठी नातवंडांनी धनादेश लिहायला सुरुवात केली. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने हा प्राणी संकटग्रस्त ठरवला. याच संघाच्या अलीकडच्या मूल्यांकनाप्रमाणे साऱ्या आफ्रिकेत सुमारे ६,६०० रानकुत्रे उरले आहेत आणि त्यांपैकी प्रजोत्पादन करणारे प्रौढ अवघे १,४०० च्या आसपास.

मात्र हेतू पालटला म्हणजे परिणाम पालटतोच असे नाही. सेरेंगेटीचेच पाहा. तेथे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे कळपांना रेडिओ-पट्टे बांधून त्यांचा अभ्यास करीत होते. गावकुत्र्यांतून आलेल्या रेबीजने कळप मरू लागले, तेव्हा १९९० मध्ये काही कुत्र्यांना लस दिली गेली. १९९१ च्या मध्यापर्यंत अभ्यासातील सारे कळप नाहीसे झाले. पकडण्याच्या आणि टोचण्याच्या ताणानेच ते मेले, असा आरोप एका बाजूने केला, दुसऱ्या बाजूने तो खोडून काढला आणि हा वाद शास्त्रीय नियतकालिकांतून अनेक वर्षे गाजला. बहुतेक तज्ज्ञ आज रोगालाच दोष देतात. उद्यानाच्या पूर्वेस, लोलिओंडोच्या मासाई गुराख्यांच्या मुलखात मात्र रानकुत्रे पुढे पुन्हा दिसू लागले. जेथे संरक्षण कडक तेथून ते गेले आणि जेथे गुरे चरतात तेथे उरले, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

त्याच सुमारास टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, केनियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या मकोमाझी येथे, धर्मादायाच्या पैशावर एक मोठा प्रयोग सुरू झाला. ‘बॉर्न फ्री’मुळे जगप्रसिद्ध झालेले सिंहांचे मित्र जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्या नावाने इंग्लंडमध्ये एक विश्वस्त निधी स्थापन झाला होता. केनियातील कोरा येथे त्यांच्याबरोबर १९७१ पासून राहिलेले टोनी फिट्झजॉन हे त्या कामाचा आधार होते. कोराची परिस्थिती बिघडत गेली, १९८९ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅडमसन यांची दरोडेखोरांनी हत्या केली, आणि त्याच वर्षी टांझानिया सरकारच्या निमंत्रणावरून फिट्झजॉन यांनी मकोमाझीत तळ ठोकला. सरकारजवळ कायदा होता, जमीन होती, पैसा नव्हता. रस्ते, पाण्याचे बंधारे, धावपट्टी, गस्तीच्या गाड्या, गेंड्यांसाठी कुंपण, सारे देणगीतून उभे राहिले. देणगीदार इंग्लंड, अमेरिका आणि युरोपातील. त्यात मोठे निधी होते, तसेच गेंड्यासाठी खाऊचे पैसे पाठवणारी मुलेही असणार. अशा संस्था चालतातच त्या बळावर.

१९९५ मध्ये मासाई पठारावरच्या तीन बिळांतून रानकुत्र्यांची पंचवीस पिले मकोमाझीत आणली गेली. ती तेथेच राहिली असती तर मेंढपाळांनी मारली असती, असे सांगितले जाते आणि ते खोटे नसावे. प्रशस्त आवारांत ती वाढली, त्यांना पिले झाली. आता त्यांना रानात सोडायचे, एवढेच उरले होते. पण रानात सोडण्याआधी रोगाचा बंदोबस्त हवा. सेरेंगेटीचा धडा ताजा होता. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या साथीवर जिवंत विषाणूंची लस फार गुणकारी. पण रानकुत्र्यांना त्या लशीनेच रोग जडल्याची उदाहरणे होती. म्हणून मृत विषाणूंची, म्हणजे निर्धोक समजली जाणारी लस वारंवार टोचली गेली. डिसेंबर २००० मध्ये आवारात डिस्टेंपर शिरला. दोन महिन्यांत ५२ पैकी ४९ कुत्रे मेले.

तीन उरले. पाच वर्षांचे काम, साता समुद्रांपलीकडून आलेला पैसा आणि एका माणसाने रोज स्वतः पुरवलेले मांस, या साऱ्यांतून तीन कुत्रे. दात्यांना हे कसे कळवले असेल, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. सरकारी योजना फसली तर फाईल बंद होते आणि कोणीतरी बदलीवर जातो. धर्मादाय संस्थेला मात्र पुन्हा त्याच दारात जाऊन उभे राहावे लागते. फिट्झजॉन उभे राहिले. डच शास्त्रज्ञांच्या साहाय्याने या साथीची बारकाईने तपासणी झाली, ती अपयशासह जाहीर केली गेली, नवी लस वापरली गेली, नवे कुत्रे आणले गेले आणि पुढच्या वर्षांत मकोमाझीतून एकामागून एक गट रानात सोडले गेले. २००६ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारने सन्मानित केले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पण मकोमाझीची आणखी एक नोंद आहे, आणि ती इनामाच्या वहीत नाही तशी देणगीच्या वहीतही नाही. फिट्झजॉन येण्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, सरकारने या अरण्यातून पराकुयो, मासाई आणि इतर जमातींचे हजारो गुराखी आपल्या गुरांसह बाहेर काढले होते. १९५१ मध्ये अरण्य राखीव झाले तेव्हा त्यांतील काहींना तेथे राहण्याची मुभा होती. पुढे वस्ती आणि गुरे वाढली आणि ती मुभा गेली. हे लोक १९९० च्या दशकात न्यायालयात गेले. काही थोड्यांना किरकोळ भरपाई मिळाली; परत जाण्याचा हक्क मिळाला नाही. डॅन ब्रॉकिंग्टन या इंग्रज अभ्यासकाने २००२ मध्ये यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. दात्यांना जे छायाचित्र दाखवले जाई त्यात निर्मनुष्य, शुद्ध रान असे, आणि त्या शुद्धतेची किंमत कोणी भरली ते चित्राच्या चौकटीबाहेर राही, असा त्याचा सारांश आहे. संस्थेचे म्हणणे असे, की हकालपट्टी तिने केली नाही. ते खरेच आहे. आदेश सरकारचा होता. तथापि रिकाम्या केलेल्या घरात जो राहायला येतो त्याला आधीच्या बिऱ्हाडाविषयी विचारण्याचा अधिकार कोणालाही असतो. संस्थेने पुढे आसपासच्या शाळांना मदत केली. पण शाळा हे चराऊ कुरणाचे उत्तर नव्हे.

ग्वाल्हेरकडच्या वाचकांना हे परके वाटू नये. जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्या मुलखातील कूनोतून १९९८ ते २००३ या काळात २४ गावे हलवली गेली, त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. ती गावे गीरच्या सिंहांसाठी मोकळी केली होती. सिंह आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून चित्ते आले. नोकरीत असताना पुनर्वसनाच्या फायलींशी माझा काही वर्षे संबंध आला होता. तेथील अनुभवाने सांगतो : जमिनीच्या बदल्यात जमीन लिहिता येते, कोणत्या ओढ्यावर उन्हाळ्यात पाणी टिकते हे त्या माणसाला असलेले ज्ञान कोणत्याही रकान्यात बसत नाही.

दक्षिण आफ्रिकेने निराळीच वाट काढली. तेथे क्रुगरखेरीज एवढे मोठे रानच उरले नव्हते, की एक स्वतंत्र जमात तग धरील. एका कळपालाच शेकडो चौरस किलोमीटर लागतात. तेव्हा १९९७-९८ मध्ये शास्त्रज्ञ, सरकारी वनखाते, खाजगी अभयारण्यांचे मालक आणि १९७३ पासून काम करणारी ‘एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था यांनी मिळून ठरवले, की कुंपण घातलेली लहान लहान रानेच एकमेकांशी सोयरीक जोडल्यासारखी चालवायची. वयात आलेले कुत्रे एरवी स्वतःच कळप सोडून जातात. येथे त्यांना गाडीतून वा विमानातून दुसऱ्या रानात पोहोचवायचे. दहा वर्षांत नऊ कळप हे उद्दिष्ट होते, ते गाठले गेले. आमच्याकडे आलेल्या चित्त्यांपैकी दक्षिण आफ्रिकेचे चित्ते अशाच व्यवस्थेतले. यातूनच २०१८ मध्ये १४ रानकुत्रे विमानाने मोझांबिकच्या गोरोंगोसा उद्यानात पोहोचले. यादवी युद्धात त्या उद्यानातील बहुतेक मोठे प्राणी नष्ट झाले होते आणि रानकुत्रे तर दिसेनासेच झाले होते. ते उद्यान पुन्हा उभे करण्याचे काम ग्रेग कार या अमेरिकन उद्योजकाच्या प्रतिष्ठानाने मोझांबिक सरकारबरोबर २००८ मध्ये वीस वर्षांचा करार करून अंगावर घेतले. पुढे ती मुदत वाढवली गेली. त्या प्रतिष्ठानाच्या खर्चात आसपासच्या गावांतील दवाखाने, शेती आणि मुलींचे शिक्षण हे आरंभापासून आहे. मॉम साहेबांनी ज्या प्रांतात बसून या प्राण्याच्या समूळ नाशाची वाट पाहिली, तो हाच.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते झिम्बाब्वेतील ह्वांगेचे काम. ग्रेगरी रासमुसेन यांनी १९८९ च्या सुमारास तेथे रानकुत्र्यांचा अभ्यास सुरू केला. त्यांचे पहिले म्हणणे असे, की या प्राण्याचे नावच त्याचा शत्रू आहे. ‘रानकुत्रा’ म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे उकिरड्यावरचे पिसाळलेले कुत्रे येते. म्हणून टेमिंक यांचे ते दुसरे पद कामी आले : ‘पेंटेड डॉग’. त्याच नावाची संस्था उभी राहिली. नाव बदलून दैव बदलत नाही असे आपण म्हणतो, पण येथे थोडे बदलले खरे. एनडेबेले भाषेत या प्राण्याला ‘इगान्याना’ म्हणतात आणि संस्थेने हेही नाव आवर्जून वापरले.

ह्वांगेच्या कुत्र्यांना आता बंदुकीचे भय फारसे उरले नव्हते. कायद्याचे संरक्षण मिळाले होते. भय होते तारेच्या फासाचे आणि रस्त्यावरच्या मोटारींचे. फास कोणी कुत्र्यांसाठी लावत नाही. हरणासाठी लावतात, भुकेने किंवा विक्रीसाठी. पण दिवसाकाठी मैलोन्‌मैल धावणारा कळप त्यात सापडतोच. तार मानेत रुतते आणि धडपड करील तितकी आत जाते. संस्थेने कुत्र्यांसाठी धातूच्या बिल्ल्यांचे रुंद पट्टे तयार केले, त्यांवर तार अडकून राहते. मोटारींच्या दिव्यांत चमकणारे पट्टेही बांधले. जखमी कुत्र्यांसाठी शुश्रूषेचे आवार बांधले. आणि आसपासच्या गावांतील माणसांनाच पगारावर घेऊन गस्तीची पथके केली. ती रोज पायी फिरून फास शोधून काढतात. आजवर काढलेल्या फासांची मोजदाद हजारोंनी होते.

काढलेल्या तारेचे काय करायचे? डेटे गावाजवळच्या संस्थेच्या कलाकेंद्रात गावचे कारागीर त्या तारेचे कुत्रे, हत्ती, पक्षी करतात आणि पर्यटक ते विकत घेतात. त्याच आवाराशेजारी २००४ पासून मुलांचे एक शिबिर चालते. परिसरातील शाळांतील सहावीचे वर्गच्या वर्ग तेथे चार दिवस विनामूल्य राहतात. ही मुले अरण्याच्या कुंपणाला लागून राहतात. पण त्यांतील पुष्कळांनी हत्तीचे नुकसान पाहिलेले असते, रानकुत्रा कधीच पाहिलेला नसतो. हजारो मुले आतापर्यंत या शिबिरातून गेली आहेत आणि त्यांतील काही पुढे संस्थेतच नोकरीला लागली.

येथेही पैसा बाहेरचाच आहे, हे नाकारता येत नाही. २००८ मध्ये झिम्बाब्वेचे चलन इतके कोसळले, की पुढच्या वर्षी देशाला ते बाजूला ठेवून परकी चलनात व्यवहार करावे लागले. अशा वेळी पथकाचा पगार परदेशातील प्राणिसंग्रहालये, निधी आणि साधे वर्गणीदार यांच्यामुळेच चालतो. त्यांचे मन उद्या दुसऱ्या प्राण्यावर गेले तर काय, हा प्रश्न मी देवस्थान आणि शिक्षणसंस्थांच्या कारभारातही पाहिलेला आहे. शिवाय, ज्या वर्षी पाऊस चुकतो त्या वर्षी फास वाढणारच; उपाशी माणसाला हरीण आणि कुत्रा यांतील फरक समजावून देता येत नाही. म्हणून या संस्थेने गावांच्या विहिरी, परसबागा आणि दवाखाना यांकडेही लक्ष दिले. काही दात्यांना कुत्र्यांचा पैसा विहिरीवर का, असा प्रश्न पडत असावा. गस्तीवरचा माणूस त्याच विहिरीचे पाणी पिऊन सकाळी रानात जातो, आणि काल ज्याने फास लावला तोही पुष्कळदा त्याच गावचा, क्वचित त्याच्याच भाऊबंदांतला असतो. फास सापडला की जागा, तारीख आणि संख्या वहीत लिहितात, तार गुंडाळून खांद्यावर घेतात आणि पथक पुढे जाते.